असल उत्तर ते अमृतसर : जनरल अरुणकुमार वैद्य यांचें चरित्र

घोडा गेला, पण रिसाल्याचें नांव राहिलें. भारतीय लष्करांतील रणगाड्यांच्या पलटणींचीं नांवें जो वाचील, त्यास हें कोडें पडल्यावांचून राहणार नाहीं. ‘पूना हॉर्स’, ‘डेक्कन हॉर्स’ अशीं नांवें मिरविणाऱ्या या पलटणींपाशीं आज लढाईचे घोडे नाहींत; आहेत ते पोलादी रणगाडे. डेक्कन हॉर्स हा रिसाला १७९० सालीं निजामाच्या मुलखांत उभा राहिला. पूना हॉर्सचें मूळ १८१७ च्या पुण्याच्या तहांत, दुसऱ्या बाजीरावाच्या माथीं इंग्रजांनीं मारलेल्या घोडदळांत आहे. दक्षिणेंत जन्मलेल्या या दोन रिसाल्यांनीं स्वतंत्र भारताच्या दोन युद्धांत पंजाब व जम्मूच्या सीमेवर जी कामगिरी केली, तिच्याशीं एका महाराष्ट्रीय अधिकाऱ्याचें नांव कायमचें जोडलेलें आहे. ते अधिकारी म्हणजे जनरल अरुण श्रीधर वैद्य. लोकांच्या तोंडीं अरुणकुमार वैद्य.

हें नांव ऐकलें नाहीं असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत विरळा. तथापि बहुतेकांस त्यांच्याविषयीं एकच गोष्ट ठाऊक असते, आणि ती त्यांच्या मृत्यूची. १९८६ सालीं पुण्याच्या रस्त्यांत त्यांना गोळ्या घातल्या, एवढें बोलून संभाषण संपतें. दुसरे कांहीं जण त्यांचीं पदकें मोजून दाखवितात. आम्हांस वाटतें, या चरित्राचा बोध या दोहोंच्या पलीकडे आहे. १९६५ सालीं अमृतसरच्या वाटेवर चालून आलेला शत्रु ज्यांनीं अडविला, त्यांत वैद्य होते. आणि १९८४ सालीं ज्या सेनेनें त्याच अमृतसरच्या सुवर्णमंदिरांत पाऊल टाकलें, तिचे सरसेनापतीहि वैद्यच होते. पहिल्या प्रसंगानें पदक दिलें, दुसऱ्यानें प्राण घेतला. हीं दोन पानें शेजारीं ठेवून वाचल्यावांचून या पुरुषाची खरी योग्यता कळावयाची नाहीं.

वैद्य यांचें घराणें अलिबागचें. वडील सरकारी सेवेंत. जन्म २७ जानेवारी १९२६ चा. हें साल आम्हां नंदुरबारकरांस विशेष जवळचें आहे. कारण आमच्या गांवचा शिरीषकुमार मेहता त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जन्मला. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगा हातीं घेऊन निघालेल्या मिरवणुकींत पोलिसांच्या गोळीनें तो व त्याचे चार बालसोबती पडले. त्याला तेव्हां सोळावें वर्ष चालू होतें. त्याच पिढींतले वैद्य १९४५ च्या आरंभीं ब्रिटिश हिंदी सैन्यांत अधिकारी होऊन डेक्कन हॉर्समध्यें दाखल झाले.

आम्ही शिक्षकी करीत होतों त्या काळीं एखादा चौकस विद्यार्थी विचारी, “गुरुजी, एक इंग्रजी राज्याच्या गोळीनें मेला आणि दुसऱ्यानें इंग्रजांचा गणवेश चढविला, मग दोघेहि देशभक्त कसे?” प्रश्न सोपा नव्हे. आमचें उत्तर असें असे कीं, शिरीषकुमारानें स्वातंत्र्य मागण्याची किंमत दिली. आणि तें मिळाल्यावर राखावयाचें कसें, ही विद्या वैद्यांच्या पिढीनें परक्याच्या पाठशाळेंत कां होईना, पण मन लावून शिकून ठेवली. १९४७ सालीं फाळणी झाली तेव्हां सैन्याचीहि वांटणी झाली. एका पंगतीला जेवलेले सवार दोन देशांचे सैनिक झाले. गोरे अधिकारी मायदेशीं परतले, आणि विशी-पंचविशीच्या तरुणांवर एकाएकीं मोठ्या जबाबदाऱ्या पडल्या. त्या वेळीं हे शिकलेले तरुण आपल्यापाशीं नसते तर सीमा कोणाच्या भरंवशावर सोडावयाची होती?

येथें रणगाडा म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. दुरून पाहणारास तो अजिंक्य राक्षस वाटतो. आंत बसणाऱ्याचा अनुभव निराळा असतो. लोखंडी पेटींत चार-पांच माणसें दाटीनें बसलेलीं. एक चालवितो, एक तोफ रोखतो, एक गोळा भरतो, आणि नायक डोकें बाहेर काढून सभोंवार नजर ठेवितो. झांकण लावून घेतलें तर चिलखताचें संरक्षण मिळतें, पण डोळे जवळजवळ बंद होतात. डोकें बाहेर ठेवलें तर दिसतें, पण गोळी लागण्याचें भय. इंधन व दारूगोळा यांच्या मध्येंच माणसें बसलेलीं असल्यामुळें चिलखत फुटलें कीं आंत अग्निकुंड पेटतें. पुढचें चिलखत जाड, बाजूचें व मागचें पातळ. म्हणून रणगाड्यांची लढाई ही निव्वळ बळाची नसते. कोण कोठें उभा आहे, कोणाची कूस कोणास दिसते, आणि पहिला गोळा कोणाचा अचूक बसतो, यावर तिचा निकाल लागतो.

आतां १९६५ च्या सप्टेंबराकडे वळूं. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन खेमकरणच्या बाजूनें पंजाबांत घुसली. बियास नदीवरील पूल गांठावयाचा आणि अमृतसर उर्वरित देशापासून तोडावयाचें, असा तिचा बेत होता. तिच्यापाशीं अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते; वजन सुमारें ४५ टन, आणि त्या काळच्या उत्तम रणगाड्यांत गणना. समोर आपली चौथी पर्वतीय डिव्हिजन. आणि तिच्या साहाय्यास लेफ्टनंट कर्नल वैद्य यांचा डेक्कन हॉर्स. या रिसाल्याचे शर्मन रणगाडे दुसऱ्या महायुद्धांतले, सुमारें ३० टनांचे. त्यांची तोफ पॅटनच्या समोरच्या चिलखतावर दुरून चालत नसे. ६ सप्टेंबरला आपण पुढें सरकण्याचा केलेला प्रयत्न फसला होता, आणि डिव्हिजनला मागें येऊन नवी फळी धरावी लागली होती. अशा माघारीनंतर सैनिकांचें मन सांवरणें हें जिंकत्या सैन्यास पुढें नेण्याहून अवघड काम आहे.

ही नवी फळी ज्या गांवापाशीं धरली त्याचें नांव असल उत्तर. आमच्या कानांस हें नांव ऐकतांच त्याचा अर्थ लागतो : असल म्हणजे खरें, उत्तर म्हणजे जबाब. गांवाचें नांव जुनेंच; पण त्या तीन दिवसांत तें सार्थ झालें. आपले रणगाडे उंच उंसांत दडवून नालाच्या आकारांत मांडले होते. महाभारताच्या भीष्मपर्वांत अर्धचंद्र व्यूहाचें वर्णन आहे. तो ज्यानें वाचला असेल त्यास ही मांडणी ओळखीची वाटेल. कालव्याचें पाणी शेतांत सोडून जमीन चिखलमय केलेली होती. पॅटन पुढें आले कीं चाकांचे पट्टे गाळांत रुतत. वाट काढण्यासाठीं ते वळत, आणि वळले कीं त्यांची पातळ कूस दडलेल्या तोफांपुढें येई. जें समोरून साधलें नसतें, तें बाजूनें व जवळून साधलें. ब्रिगेडियर त्यागराज यांच्या चिलखती ब्रिगेडमधील लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांच्या तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंचुरियन रणगाडे आणि वैद्यांचे शर्मन यांनीं मिळून हा फांस आवळला. पायदळाच्या चौथ्या ग्रेनेडियर्समधील हवालदार अब्दुल हमीद यांनीं जीपवरील तोफेनें एकामागून एक रणगाडे फोडतांना याच रणांगणीं देह ठेविला व मरणोत्तर परमवीर चक्र मिळविलें. ८ तें १० सप्टेंबर या तीन दिवसांत शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हातीं लागले, अशी आपल्याकडील नोंद आहे. पकडलेले रणगाडे भिखीविंड येथें ओळीनें उभे केले, तेव्हां लोक त्या जागेस ‘पॅटननगर’ म्हणूं लागले.

त्यागराज, कॅलेब, अब्दुल हमीद, वैद्य : एक तमिळ नांवाचा, एक ख्रिस्ती नांवाचा, एक मुसलमान, एक महाराष्ट्रीय. या नांवांची माळ पाहिली म्हणजे अमृतसर कोणीं राखलें, याचें उत्तर मिळतें. वैद्यांस या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळालें. परमवीर चक्राच्या खालोखालचें हें युद्धपदक होय. त्याच महिन्यांत चाविंड्याच्या बाजूस पूना हॉर्सचे नायक लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, ज्यांचें शालेय शिक्षण पुण्यांत झालें होतें, १६ सप्टेंबर रोजीं आपल्या रणगाड्यावर धारातीर्थीं पडले. त्यांना परमवीर चक्र लाभलें.

सहा वर्षांनीं पुन्हां युद्ध आलें. १९७१ च्या डिसेंबरांत वैद्य ब्रिगेडियर होते व १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचें आधिपत्य त्यांजकडे होतें. स्थान शकरगढचा प्रदेश. येथें उंसाचें व पाण्याचें साहाय्य नव्हतें. उलट शत्रूनेंच जमिनींत सुरुंग पेरून ठेविले होते, आणि ते ओलांडून चाल आपणांस करावयाची होती. कांहीं ठिकाणीं हे सुरुंगांचे पट्टे हजार-पंधराशें यार्ड रुंद होते. अशा पट्ट्यांतून अभियंते रात्रीच्या अंधारांत, तोफांच्या माऱ्यांत एक चिंचोळी वाट मोकळी करतात. त्या वाटेच्या दोहों बाजूंस मृत्यु पुरलेला. पहिला रणगाडा थबकला कीं मागचे सारे थबकतात, आणि उभें राहिलेलें सैन्य शत्रूच्या तोफांचें भक्ष्य होतें.

चक्रा व देहलरा या ठिकाणच्या लढाईंत नेमका हाच प्रसंग आला. ब्रिगेडियरचें स्थान बहुधा मागें, नकाशा व बिनतारी यंत्र यांच्यापाशीं असतें. वैद्य तेथें राहिले नाहींत. ते स्वतः आघाडीला गेले, जिवाची पर्वा न करतां त्या वाटेनें पुढें झाले, आणि मागच्या रणगाड्यांस धीर आला. शब्दांनीं जें होत नाहीं तें पावलांनीं होतें, हें आम्हीं आमच्या क्षुद्र क्षेत्रांतहि अनुभविलें आहे. मग जेथें पाऊल चुकल्यास देहाचे तुकडे व्हावयाचे, तेथें या उदाहरणाचें मोल काय वर्णावें!

पुढें १५ व १६ डिसेंबरच्या मध्यरात्रीं बसंतर नदीच्या पलीकडे आपल्या पायदळानें पाय रोवला. सुरुंगांतील वाट पुरी मोकळी झाली नसतांच पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाली. पूना हॉर्सचे नायक लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनीं वाट पाहण्याचें नाकारून रणगाडे अर्धवट मार्गांतूनच पलीकडे नेले. दिवस उजाडतांच शत्रूचे पॅटन लोंढ्यानें आले. या झुंजींत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनीं पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार देऊन शेवटपर्यंत तोफ चालविली. पुण्यांत जन्मलेला हा तरुण त्या दिवशीं अवघा २१ वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. वैद्यांच्या ब्रिगेडनें परतविलेल्या या प्रतिहल्ल्यांत शत्रूचे ६२ रणगाडे नष्ट झाले, असा उल्लेख त्यांच्या दुसऱ्या महावीर चक्राच्या मानपत्रांत आहे. त्याच दिवशीं तिकडे ढाक्यास पाकिस्तानी सेना शरण आली.

महावीर चक्र दोनदां मिळविणारे भारताच्या तिन्ही दलांत मिळून अवघे सहा जण आहेत. वैद्य त्यांपैकीं एक. एवढ्यावर चरित्र संपलें असतें, तर तें मुलांच्या क्रमिक पुस्तकांत घालण्याजोगें सरळ व निर्मळ ठरलें असतें. परंतु थोरांचीं चरित्रें लेखकाच्या सोयीसाठीं घडत नसतात.

पूर्वेकडील सेनाविभागाचें आधिपत्य केल्यानंतर १ ऑगस्ट १९८३ रोजीं वैद्य भूदलाचे सरसेनापति झाले. या नेमणुकीवरहि वाद झाला. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले लेफ्टनंट जनरल एस्. के. सिन्हा यांस सरकारनें मागें ठेविलें, आणि सिन्हांनीं राजीनामा देऊन सेना सोडली. निवड करणारें सरकार होतें, वैद्य नव्हते. तरी असा मान मनुष्याच्या खांद्यावर थोडा जडच बसतो. १३ एप्रिल १९८४ रोजीं त्यांच्या कारकीर्दींत आपल्या सैन्यानें सियाचेनच्या हिमनदीवर ठाणीं बसविलीं. जगांतील सर्वांत उंच रणभूमि ती हीच.

आणि मग तो जून महिना आला. सुवर्णमंदिराच्या आवारांत सशस्त्र लोकांनीं मोर्चे बांधले होते. पंजाबांत नित्य खून पडत होते. इंदिरा गांधींच्या सरकारनें सैन्यास आज्ञा दिली. प्रत्यक्ष कामगिरी पश्चिम विभागाचे लेफ्टनंट जनरल सुंदरजी व मेजर जनरल कुलदीपसिंग ब्रार यांजकडे होती, आणि ब्रार स्वतः शीख कुळांतले. परंतु सेनेचे प्रमुख या नात्यानें अंतिम भार वैद्यांचा. ते दिवस गुरु अर्जुनदेवांच्या हौतात्म्यदिनाचे असल्यामुळें आवारांत यात्रेकरूहि अडकलेले होते. ५ जूनच्या रात्रीं पायदळाचीं माणसें धडाधड पडूं लागलीं, तेव्हां अखेर रणगाडे आंत आणले गेले. ज्या यंत्राची सारी विद्या मोकळ्या मैदानाची, तें यंत्र एका पूज्य तीर्थस्थानाच्या संगमरवरी फरशीवर उभें राहिलें, आणि अकाल तख्ताची पवित्र वास्तु उद्ध्वस्तप्राय झाली. सरकारी श्वेतपत्रिकेनें ८३ सैनिक व ४९३ इतर लोक मेल्याचें सांगितलें. इतरांनीं दिलेले आंकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. अनेक पलटणींतून शीख सैनिक बंड करून बाहेर पडले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि तिच्या पाठोपाठ दिल्लींत व अन्यत्र हजारों निरपराध शिखांची कत्तल झाली.

या प्रकरणीं कोणाचें किती चुकलें, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाहीं. एवढें मात्र वाटतें कीं, ज्यानें १९६५ सालीं अमृतसर वांचविण्यासाठीं तीन दिवस झुंज दिली, त्यास १९८४ सालीं अमृतसरांतून येणारी प्रत्येक बातमी ऐकावी लागणें, याहून कठोर दैवयोग सेनापतीच्या वाट्यास क्वचितच येईल. असल उत्तरला शत्रु समोर होता व जय निर्विवाद होता. येथें समोर स्वदेशी लोक होते, आणि जय म्हणावें असें कांहींच हातीं लागलें नाहीं. महाभारतांत युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराचा शोक संपतां संपत नाहीं. त्या शांतिपर्वाची आठवण अशा वेळीं होते. सुरुंगांच्या वाटेवर सेनापति स्वतः पुढें होऊन सैनिकांचें भय आपल्या अंगावर घेऊं शकतो. जेथें आज्ञा पाळल्यानें कोट्यवधि लोकांचें अंतःकरण विद्ध होतें, तेथें पुढें चालून दाखविण्यानें कांहीं सुटत नाहीं. तेथें नुसता भार वाहावा लागतो. लोकसत्ताक राज्यांत सेनेनें सरकारची आज्ञा पाळावी, हाच नियम. तो मोडला तर काय होतें, हें आपल्या शेजारच्या देशांनीं वारंवार पाहिलें आहे. पण नियम योग्य असला म्हणजे त्याची किंमत थोडी असते, असें नाहीं.

ती किंमत वैद्यांनीं स्वतः चुकविली. ३१ जानेवारी १९८६ रोजीं चाळीस वर्षांहून अधिक सेवेनंतर ते निवृत्त झाले व पुण्यांत राहावयास आले. त्यांच्या नांवाची धमकी होती हें उघड होतें. तरीहि साध्या नागरिकासारखे ते आपली मोटार आपणच चालवीत बाजारहाट करीत. १० ऑगस्ट १९८६ रोजीं बाजारांतून पत्नीसह घरीं परततांना मोटारसायकलीवरून आलेल्या मारेकऱ्यांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. रणांगणांत ज्यांना मृत्यूनें दोनदां सोडून दिलें, ते भर वस्तींत, हातीं शस्त्र नसतां पडले. पत्नी जखमी झाल्या, पण वांचल्या. सुखदेवसिंग सुखा व हरजिंदरसिंग जिंदा या दोघांस ९ ऑक्टोबर १९९२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी दिली गेली. १९८७ सालीं राष्ट्रानें वैद्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिलें. मुंबईंत गोरेगांवच्या एका मोठ्या रस्त्यास त्यांचें नांव आहे.

आमच्या वाचकांच्या घरांत विद्येची परंपरा आहे. मुलगा वैद्य व्हावा, यंत्रशास्त्रज्ञ व्हावा, परदेशीं जावा, या आकांक्षा आम्ही जाणतों, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु लष्करी अधिकारी होण्यासहि बुद्धि, गणित, भूगोल व भाषा यांची तितकीच गरज लागते, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. पॅटनला उंसांत गाठणारी ती बुद्धीच होती. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आमच्याच खडकवासल्यास आहे. तीमध्यें महाराष्ट्रीय तरुण कमी जातात हें पाहून राज्य सरकारनें १९७७ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, पूर्वतयारीची संस्था काढली. २०२२ पासून या प्रबोधिनीचें दार मुलींनाहि उघडलें आहे. आपल्या नंदुरबार, शहाद्यासारख्या गांवांतल्या पालकांस या वाटा ठाऊक असाव्यात.

मात्र मुलास तिकडे धाडतांना त्याला चरित्र पुरें सांगावें. नुसतें असल उत्तर सांगितलें तर तो गर्विष्ठ होईल. नुसता पुण्याचा रस्ता सांगितला तर भित्रा होईल किंवा द्वेष करूं लागेल. एका शीखावरहि वैद्यांच्या मृत्यूचा राग धरणें म्हणजे ज्या अमृतसरासाठीं ते लढले त्याच अमृतसराचा अपमान करणें होय. सैनिकाला कधीं अशी वाट मिळते जिच्यावर पुढें चालणें हेंच उत्तर असतें. आणि कधीं असा प्रश्न पुढ्यांत येतो ज्याचें पुरें उत्तर कोणापाशींच नसतें. पहिल्या प्रसंगीं पाऊल मागें न घेणें आणि दुसऱ्या प्रसंगीं जबाबदारी दुसऱ्यावर न ढकलणें, या दोन्ही गोष्टींस धैर्यच लागतें. जनरल वैद्यांस दोन्ही कराव्या लागल्या. हें मुलांस समजलें, तर पदकांची संख्या विसरली तरी चालेल.